साठ कट्टे, अठ्ठेचाळीस कट्टे

१७ जून २०१४. रक्कम आठ हजार सहाशे चाळीस रुपये. हजर तिघे: मी, धान खरेदी केंद्रातले बाबू आणि माझ्या बायकोची शेती अर्ध्याने करणारी बाई.

बाबूंनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक केंद्राची धान मोजल्याची पावती. दुसरा माझ्या बायकोच्या मृत्यूचा दाखला, जो मीच थोड्या वेळापूर्वी त्यांच्या हातात दिला होता. पावतीवर तारीख १२ डिसेंबर, दाखल्यावर ९ डिसेंबर. बाबूंनी चष्मा वर केला, परत खाली केला.

"साहेब, ये कैसे हुआ? मॅडम गेल्या नऊला. आणि बाराला त्यांनी आमच्याकडे धान विकलं?"

"तिने नाही. या बाईंनी आणून मोजून दिलं."

"पावती तर मॅडमच्या नावाची आहे."

"सातबारा तिच्या नावाचा आहे म्हणून."

"ते बरोबर. पण मेलेल्या माणसाने विकलेल्या धानावर बोनस कसा देणार? ऊपर पूछेंगे तो मैं क्या बोलूं?"

बाई दारापाशी भिंतीला टेकून उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "मंग तवा धान काऊन घेतलं बाबू? तवा तं नाई म्हनले का मेलेल्या बाईचं धान चालत नाई."

"तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमी इचारलं कोठं?"

बाबू हसले. माणूस वाईट नव्हता. केंद्राच्या अंगणात मागच्या हंगामातले फाटके कट्टे, म्हणजे धानाची पोती, एका कोपऱ्यात पडले होते आणि त्यांच्यावर एक बकरी उभी होती. मी त्या बकरीकडे बघत होतो. आपल्याला राग यायला हवा, असं मनात येऊन गेलं. आला नाही.

हा बोनस काय, ते सांगतो. सरकार खरेदी केंद्रावर ठरलेल्या भावाने धान घेतं. काही वर्षी त्या भावावर क्विंटलमागे आणखी दोनशे रुपये जाहीर होतात. भावाचे पैसे आधी येतात, बोनस मागून येतो, कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळा तोंडावर आल्यावर. तो थेट खात्यावर जमा होतो आणि सातबारा ज्याच्या नावाचा, त्याच्याच खात्यावर होतो. शेतात कोण राबलं हे त्या कागदात कुठे येत नाही.

ही साडेतीन एकर जमीन माझ्या सासऱ्यांची. सौंदडच्या पुढे, रेल्वेच्या रुळापासून जवळ. त्यांनी मरण्याआधी सगळी जमीन मुलाला आणि मुलीला वाटून दिली, त्यात ही मुलीच्या वाट्याला आली. मी गोंदियात एका खासगी शाळेच्या कार्यालयात हिशेब बघतो. शेतीतलं मला बांधी म्हणजे भाताचं खाचर आणि धुरा म्हणजे त्याचा बांध, याच्यापुढे फार कळत नाही. माझी बायको मात्र पॅसेंजरने जायची, वर्षातून पाच-सात वेळा. बी-खताचा अर्धा पैसा घेऊन, मग रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी, मग कापणीला, मग खळ्यावर. तिच्या माहेरची ही बाई तिच्याच वयाची. लहानपणी दोघी एकाच वर्गात होत्या, चौथीपर्यंत. बाई बौद्ध वस्तीत राहते, घरी नवरा आणि सून. मुलगा हैदराबादेकडे कामाला असतो. गावासाठी मी जवाई, म्हणून तिच्यासाठीही जवाईबापू.

अर्ध्याचा रिवाज असा: बी आणि खत निम्मं-निम्मं. नांगर, चिखलणी, रोवणी, कापणी हे सगळं करणाऱ्याचं. खळ्यावर कट्टे भरले की एक इकडे, एक तिकडे. शेवटी जो अर्धवट कट्टा उरेल तो करणाऱ्याचा. त्याला कोणी हात लावत नाही.

पण केंद्रावर बाईचा सातबारा नाही. म्हणून तिचे विकायचे कट्टेही माझ्या बायकोच्या नावानेच जायचे. पैसे आमच्या खात्यावर यायचे आणि माझी बायको बाईचा हिस्सा काढून तिला नेऊन द्यायची. पहिल्यांदा बोनस आला तेव्हा माझा मेहुणा म्हणाला होता की बोनस सातबाऱ्यावर मिळतो, म्हणजे तो मालकाचा. माझ्या बायकोने त्याला एका वाक्यात गप्प केलं. "बोनस धानाचा आहे. धान ज्याचं, त्याचा बोनस." पुढे हा प्रश्न निघाला नाही.

बाईचं गणितही त्यावर बसलेलं होतं. साडेतीन एकरातली दोन एकर ती घरच्यांवर आणि सावडीवर रोवते, म्हणजे आज तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. उरलेली दीड एकर गुत्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, देते. गुत्तेवाल्या बाया रोख पैसे घेतात आणि रोवणी संपल्याबरोबर बांधावरच घेतात. ते पैसे ती बोनसमधून द्यायची. बोनस नसेल त्या वर्षी एखादी बकरी विकायची. या वर्षी बोनस होता म्हणून तिने बकऱ्या सुनेच्या बाळंतपणात विकून टाकल्या होत्या.

२०१३ चं धान बरं झालं. खळ्यावर एकशे तीस कट्टे, चाळीस किलोचा एक. पासष्ट आमचे, पासष्ट बाईचे. आम्ही खाण्यापुरते पाच ठेवले, बाईने सतरा ठेवले. विकायला निघाले साठ आणि अठ्ठेचाळीस. माझ्या बायकोने नोव्हेंबरच्या शेवटी स्वतः उभं राहून ते केंद्राच्या अंगणात उतरवले, कागद दिले, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली. केंद्रावर बारदाना, म्हणजे धान भरायची सरकारी रिकामी पोती, नव्हता, म्हणून मोजणी थांबली होती. नंबर लागला की कळवू म्हणाले.

९ डिसेंबरला सकाळी ती स्वयंपाकघरात खाली बसली आणि उठली नाही. दवाखान्यात नेलं. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं. याच्यापुढे मला लिहिता येण्यासारखं काही नाही, कारण मला फारसं आठवत नाही. रिक्षावाल्याने किती घेतले ते आठवतं. साठ रुपये.

१२ तारखेला मी, मुलगा आणि मेहुणा वैनगंगेवर अस्थी घेऊन गेलो होतो. त्याच सकाळी केंद्रावर बारदाना आला. हमाल बाईच्या घरी सांगायला गेला. आभाळ आलेलं होतं. नंबर चुकला तर पुढच्या बारदान्याची वाट, आणि धान उघड्यावर. बाई गेली. मोजून दिलं. पावतीवर शेतकऱ्याच्या सहीच्या जागी माझ्या बायकोचं नाव लिहिलं, खाली 'करिता' लिहून आपलं नाव लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेली आहे, अक्षर चांगलं आहे.

तेरवीला ती गोंदियाला आली. जेवणं सुरू होती. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "जवाईबापू, धान मोजून झालं. एकशे आठ. साठ तुमचे, अठ्ठेचाळीस माझे."

मी मान हलवली. एकशे आठ गुणिले चाळीस, त्रेचाळीस क्विंटल वीस किलो, एवढं डोक्यात आलं. तेवढंच आलं.

मेहुणा पलीकडे पत्रावळी मोजत होता. त्याने ऐकलं. "तुले कोनं सांगतलं धान मापाले? सुतकात घरचं धान मापत नाई हे तुले मालूम नाई?"

"सुतक तुमाले होतं भाऊ. मले कायचं सुतक?"

"धान तं आमच्या घरचं होतं."

"अर्धं माझ्याबी घरचं होतं. पानी आला असता तं तुमच्या सुतकानं झाकलं असतं का?"

दोन-तीन बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. एका म्हाताऱ्याने सांगितलं की करणारा परका असला तर दोष लागत नाही. मेहुणा म्हणाला, ठीक आहे. तिथे सगळ्यांनी सुतकाचा विचार केला. धान कोणी मापावं, कधी मापावं, दोष कोणाला. पावतीवरची तारीख आणि दाखल्यावरची तारीख यांचा विचार कोणीच केला नाही. मीसुद्धा नाही, आणि माझं तर आयुष्य तारखा जुळवण्यात गेलं आहे.

डिसेंबरच्या शेवटी भावाचे पैसे आले. खातं आम्हा दोघांचं जोडखातं होतं, त्यामुळे काही अडलं नाही. क्विंटलला तेराशे दहा. बाईचे एकोणीस क्विंटल वीस किलोचे पंचवीस हजार एकशे बावन्न. मी ते पाकिटात घालून नेऊन दिले. सुट्टे दोन रुपयेही.

जानेवारीत मी बँकेत मृत्यूचा दाखला दिला. खिडकीवरचा माणूस ओळखीचा. तो म्हणाला, "राहू द्या ना साहेब, घाई काय आहे? कधीमधी त्यांच्या नावावर काही येतं. सहा महिने बघा, मग करू."

मी म्हणालो, नियम आहे, नाव कमी करा. त्याने केलं. नवीन पासबुक दिलं, त्यावर एकटं माझं नाव. मी घरी येऊन ते कपाटात ठेवलं आणि कणीक भिजवली. त्या महिन्यांत मी सगळं वेळेवर करत होतो. शाळा, दूध, विजेचं बिल. चहा पिऊन झाल्यावर तो गोड होता की नाही, हे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

जूनमध्ये बोनस निघाला. माझ्या बायकोच्या नावाने आला, त्या नावाचं खातं नव्हतं, परत गेला. म्हणून १७ तारखेला मी केंद्रावर होतो.

तिथून निघून आम्ही दोघं स्टेशनच्या वाटेवरच्या चहाच्या टपरीवर बसलो. बाई म्हणाली, "बिना बोनसचं दीड एकर पडीत राहन ना जवाईबापू."

मी पाकीट काढलं. "तुमचे तीन हजार आठशे चाळीस होतात. मी आत्ता देतो. बोनस आला की मी ठेवून घेईन, नाही आला तरी काही नाही."

तिने पाकिटाकडे पाहिलं आणि मान फिरवली. "ठेवा ते."

"का?"

"मालकाचा पैसा रोवणीत लागला का तो खळ्यावर दीडा होऊन निघते. रिवाज हाये इकडचा."

"मी दीडपट घेणार आहे का?"

"तुमी नाई घ्यान. पर उद्या तुमचा साळा म्हनन, बाईनं उचल घेतली. मंग अर्ध्याचं तिसऱ्या हिश्श्यावर येते. एका डाव उचल घेतली का तो मानूस अर्धेलीचा राहत नाई, मजूर होते." तिने चहाची बशी खाली ठेवली. "माझ्या धानाचं द्या. ते मी हक्कानं घेतो. तुमच्या खिशातलं नोको."

मी पाकीट परत ठेवलं. तिचं म्हणणं हिशेबाला धरून होतं.

त्या वर्षी पाऊस लांबला. जून कोरडा गेला. लोक आभाळाकडे बघून शिव्या देत होते. बाईला त्यातल्या त्यात एवढाच फायदा की रोवणीही लांबली.

आठवड्याने बाबूंचा फोन आला. त्यांनी वर विचारलं होतं. दोन रस्ते निघाले. पहिला रस्ता त्यांनी आवाज खाली करून सांगितला. "दाखला दुसरा मिळतो का बघा ना. तारीख थोडी इकडे-तिकडे. तीन-चार दिवसांचाच प्रश्न आहे."

"ती नऊ तारखेला गेली," मी म्हणालो.

"वो तो है. मी फक्त बोलतो."

दुसरा रस्ता असा: पावतीवर 'करिता' म्हणून बाईची सही आहे, म्हणजे धान आणणारा जिवंत माणूस कागदावर आहे. वारसांनी संमतीपत्र करून द्यायचं की ही शेती ही बाई करते आणि हे धान तिचं होतं. मग बोनस तिच्या खात्यावर जमा होईल. तिचं खातं नव्हतं, ते उघडायचं. वारस आम्ही तिघं: मी, मुलगी, मुलगा.

मी त्या रविवारी मेहुण्याच्या घरी गेलो. बाईलाही बोलावलं होतं. ती ओसरीच्या पायरीवर बसली. मेहुण्याने सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर हात मारला.

"जवाईबापू, हिशेबात तुमी हुशार, पर इथं फसून राहिले. कागदावर नाव आलं का कूळ लागते. उद्या हीच म्हनन का मी इतकी वर्षं वाहून राहिलो, जमीन माझी. आमच्या बापानं कधी करनाऱ्याचं नाव चिठ्ठीवर येऊ देलं नाई."

"काऊन हो भाऊ," बाई म्हणाली, "तुमची बांधी का मी टोपल्यात घालून नेतो?"

"तू नाई नेशीन. तुझा पोरगा नेईन."

"माझा पोरगा? तो हैदराबादले चौथ्या माळ्यावर राहते. बांधी तिथं कोठं ठेवन, गॅलरीत?"

मेहुण्याची बायको आत हसली. मेहुण्यालाही हसू आवरलं नाही, पण तो मुद्द्यावरून हटला नाही. "हसाची गोष्ट नाई. साडेआठ हजारासाठी साडेतीन एकर धोक्यात टाकून राहिले हे. देऊन टाका तिले तुमच्या खिशातून."

"त्या घेत नाहीत," मी म्हणालो.

"घेत नाई म्हंजे?"

"उचल नोको मले," बाई म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाठ केली. मग मला म्हणाला, "बहीण असती तं तिनं काय केलं असतं?"

तिने काय केलं असतं हे मी त्या सहा महिन्यांत कशाच्याच बाबतीत स्वतःला विचारलं नव्हतं. बोनस धानाचा आहे, एवढं तिचं वाक्य मला ठाऊक होतं. मी तेच सांगितलं. मेहुणा उठून गुरांकडे निघून गेला. जाताना म्हणाला, "करा मग. मी साक्षीदार म्हनून सही देनार नाई."

मुलगी नागपूरहून आली, मुलगा पुण्याहून. त्यांच्या आईचा कुठला विधी नव्हता, नुसतं मला भेटायला म्हणून. मी जेवण झाल्यावर संमतीपत्राचा मुद्रांक कागद टेबलावर ठेवला. मुलगा म्हणाला, "बाबा, यासाठी मी सुट्टी घेतली असं ऑफिसात सांगू का?" मुलीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने सही केली. मुलीने वाचून सही केली. मग तिने विचारलं, "तुम्ही रात्री झोपता का?"

"झोपतो."

"किती वाजता उठता?"

"साडेपाच."

ती उठली. सिंकमधली भांडी घासून ठेवली, जी मी आधीच घासली होती.

कागदावर कट्ट्यांचा आकडा लिहायची जागा मी कोरी ठेवली होती. ४ जुलैला केंद्रावर गेलो तेव्हा बाबूंनी पेन पुढे केलं. "एकशे आठ लिहा. कुल आठ हजार सहाशे चाळीस बाईंच्या खात्यावर. मग तुम्ही आपसात बघा. सिंपल."

बाई बरोबर होती. तिच्या पायांना ओला चिखल होता. एक पाऊस पडून गेला होता आणि तिने सावडीची पहिली बांधी रोवायला घेतली होती.

मी लिहिलं: अठ्ठेचाळीस.

बाबूंनी वाकून पाहिलं. "साहेब, गलत लिखा. पूरा लिहा."

"अठ्ठेचाळीस त्यांचे होते. साठ त्यांचे नव्हते."

"अरे, वो तो मुझे भी मालूम है. पण पूर्ण शेत तर त्याच करतात ना? लिहिलं तर खोटं काय आहे?"

"शेत त्या करतात. धान खळ्यावर वाटलं होतं. वाटल्यावर साठ माझ्या बायकोचे झाले."

"ते साठ कोणाच्या नावाने देऊ मग? पावतीवर तुमचं नाव नाही, मॅडम तर..." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "आप तो खुद हिसाबवाले आदमी हो. चार हजार आठशे जातील."

बाई पुढे आली. "लिवून टाका ना जवाईबापू. आले का मी साठचे तुमाले आनून देतो. इश्वास नाई का मावर?"

"तुमच्यावर अविश्वास नाही."

"मंग?"

"ते साठ तिचे होते," मी म्हणालो.

याच्या पलीकडे माझ्याजवळ कारण नव्हतं. मी पुष्कळदा नंतर विचार केला. खोटं लिहायची सवय नाही हे खरं, पण तेवढंच असतं तर मी बाबूंचं म्हणणं मान्य करू शकलो असतो, ते फार खोटं नव्हतं. ती शेवटची गोष्ट होती जी तिने स्वतः केली होती. अंगणात उभं राहून कट्टे उतरवून घेतले होते, मोजले होते, साठ म्हणून मला घरी येऊन सांगितलं होतं. नाव बँकेतून मी काढलं, रेशन कार्डावरून काढलं, गॅसच्या पुस्तकावरून काढलं. नियम होता. या साठ कट्ट्यांवरून काढा असा नियम नव्हता. ते दुसऱ्या कोणाचे होते असं लिहिण्यापेक्षा त्यांचे पैसे न आलेले मला चालणार होते.

हे मी तिथे बोललो नाही. बाई मात्र म्हणाली, "बरं. तसंच राहू द्या."

बाबूंनी कागद घेतला, शिक्का मारला. "मेरा क्या है," ते म्हणाले. "एक फायदा आहे. आकडा छोटा आहे, वर कोणी अडवणार नाही."

गावात ही गोष्ट पसरली. मेहुण्याचा फोन आला. "हिशेबनीस मानूस आपलेच पैसे बुडवते, हे मी पहिल्यांदा पाहिलं." मग तो म्हणाला की अठ्ठेचाळीसच कट्टे लिहिले ते एका अर्थी बरं झालं, पूर्ण शेत तिच्या नावाने लागलं नाही. त्याला त्यात सोय दिसली. मी हो म्हणालो.

जुलैच्या मध्याला पाऊस लागला आणि थांबला नाही. बाईने नवरा, सून आणि सावडीच्या बाया घेऊन दोन एकर रोवली. दीड एकर चिखल करून ठेवली होती. खारीत पेरलेले परे, म्हणजे लावायची रोपं, वाढत होते. फार दिवस राहिले तर ते गाठ धरतात, मग फुटवे कमी येतात, हे मला तिने फोनवर सांगितलं. ती एरवी फारसा फोन करत नसे, पण आता एक दिवसाआड फोन यायचा. "आले का?" "नाही." "बरं." एवढंच. गुत्तेवाल्या नऊ बायांची टोळी दुसऱ्या गावाला जायला निघाली होती. बाईने त्यांना दोन दिवस थांबवलं, मग आणखी दोन दिवस. तिसऱ्यांदा त्यांची म्होरकी म्हणाली म्हणे, "तुझा बोनस येईपर्यंत आमाले काय बगळे म्हनून बांधीत उभं ठेवतेस का?"

मी शाळेत बसून दिवसातून एकदा बाबूंना फोन करायचो. ते वैतागायचे नाहीत. "प्रोसेस में है," म्हणायचे. मला तो शब्द ऐकून बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही. मी वहीत तारीख लिहायचो आणि पुढे रेघ ओढायचो.

२४ जुलैला दुपारी बाबूंचाच फोन आला. जमा झाले. मी बाईला कळवलं. ती म्हणाली, "किती?" मी आकडा सांगितला. पलीकडे ती तोच आकडा कोणाला तरी ओरडून सांगत होती आणि मागून बायांचा एकदम गलका ऐकू आला.

२६ला शनिवार होता. मी खताच्या माझ्या अर्ध्या हिश्श्याचे पैसे द्यायला पॅसेंजरने गेलो. शेतात पोचलो तेव्हा शेवटची बांधी चालू होती. नऊ बाया वाकून मागे मागे सरकत होत्या, अंगावर प्लास्टिकच्या खोळी. मी धुऱ्यावर छत्री धरून उभा राहिलो. एकीने वर न बघता विचारलं, "हे कोन उभे हायेत?" बाई म्हणाली, "जवाईबापू." विचारणारी म्हणाली, "मंग उतरवा ना खाली, एक ओळ लावू द्या." सगळ्या हसल्या. मी चपला काढल्या नाहीत.

परे थोडे पिवळे होते. काही ठिकाणी पातळ लागले. चार वाजता रोवणी सरली. बाईने आदल्या दिवशीच बँकेतून पैसे काढून आणले होते. ते तिने धुऱ्यावरच वाटले.

दीड एकराचा गुत्ता तीन हजार सहाशे. नऊ बायांना चारशे-चारशे. प्रत्येकीने ओले हात पुसून घेतले आणि मोजून घेतले. उरलेले दोनशे चाळीस बाईने पदराच्या गाठीत ठेवले. खताचे माझ्याकडचे पैसे मी वेगळे दिले.

साठ कट्ट्यांचे चार हजार आठशे कोणालाच दिले गेले नाहीत.